अडतिसाव्या वर्षी कच्चं मडकं

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी एक वाटी आहे. वाटी म्हणायची ती केवळ माझ्या समाधानासाठी. एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं पातळ, आणि टेबलावर ठेवली की जराशी डुलते. पहिल्यांदा घरी आणली तेव्हा धाकट्यानं विचारलं, "आई, ही पणती आहे का?" मोठीनं सांभाळून घेतलं, "नाही रे, पेपरवेट असेल." ह्यांनी उलटसुलट फिरवून पाहिली आणि म्हणाले, "वजनदार आहे हं!"

मैत्रिणींनो, ही वाटी मी केली आहे. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आठ शनिवार मातीकामाच्या वर्गाला जाऊन! तुम्ही म्हणाल, त्यात एवढं सांगण्यासारखं काय? वाटीत नाहीच. पण त्या आठ शनिवारांत माझं जे काही झालं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. कारण तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या मनात असा एखादा वर्ग वर्षानुवर्षं दबा धरून बसलेला असणार. कुणाला चित्रं काढायची असतील, कुणाला वारली शिकायची असेल, कुणाला ठशांनी कापड छापायचं असेल. आणि दरवेळी आपणच आपल्याला सांगतो, "आता या वयात कुठे?"

एलिमेंटरीची 'सी' ग्रेड

शाळेत असताना मी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसले होते. 'सी' ग्रेड मिळाली. बरोबरच्या दोघी पुढे इंटरमिजिएटला बसल्या. मी रंगपेटी भावाला देऊन टाकली. "आपल्या हातात कला नाही" हा निकाल मी तेराव्या वर्षी स्वतःच लावून टाकला आणि पंचवीस वर्षं तो कुणी तपासला नाही. बी.ए. झाले, लग्न झालं, दोन मुलं झाली. सध्या एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. रांगोळी काढते, पण ठिपके मोजून. मनानं एक रेघ काढायची म्हटली तरी हात अडतो.

आमच्या साताऱ्यात एका निवृत्त कलाशिक्षिकांनी घराच्या परसात पत्र्याची शेड घालून मातीकामाचा वर्ग सुरू केला आहे. दोन विजेवर चालणारी चाकं, एक छोटी भट्टी, चार-पाच शिकणारी माणसं. भाजी आणायला जाताना तिथली पाटी मी वर्षभर वाचत होते. एकदा धीर करून आत गेले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, वयाची काही अट आहे का?"

बाई म्हणाल्या, "दहाच्या वरची अट आहे. खालच्या मुलांचा हात चाकाला पुरत नाही."

घरी आल्यावर आठवलं, की वयाचं हे रडगाणं मोठमोठ्यांनी कधीच खोटं ठरवलेलं आहे. रवींद्रनाथ टागोरांचा जन्म १८६१चा. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळींना आकार देता देता साठी उलटल्यावर ते चित्रांत रमले, आणि त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन पॅरिसला भरलं ते १९३० साली. तुम्ही म्हणाल, ते रवींद्रनाथ! बरं, मग इंग्लंडमधल्या मेरी डेलनी बाईंचं उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १७००चा. दुसऱ्यांदा वैधव्य आल्यानंतर, वयाच्या ७२व्या वर्षी त्यांनी रंगीत कागद कात्रीनं कापून फुलांची चित्रं करायला सुरुवात केली. पुढच्या दहा वर्षांत, नजर अधू होईपर्यंत, त्यांनी जवळजवळ हजार चित्रं केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या मानानं मी अजून ३४ वर्षं लवकरच निघाले होते!

कणीक आणि माती

पहिल्या शनिवारी मी जरा ऐटीतच गेले. मनात म्हटलं, रोज तीस पोळ्या करणाऱ्या बाईला माती मळायला काय अवघड? बरोबर कोण होते, तर एक निवृत्त पोस्टमास्तर, एक नुकतंच लग्न झालेली मुलगी, एक दातांच्या डॉक्टरीणबाई आणि एक कॉलेजात जाणारी पोर. सगळ्यांत आधी माझा गोळा मळून तयार!

बाईंनी काही न बोलता तारेनं तो गोळा मधोमध कापला. आत ही भोकं! कणीक आपण दुमडतो, पुन्हा दुमडतो, आणि प्रत्येक घडीत हवा आत घेतो. माती मळायची ती हवा बाहेर काढण्यासाठी. तळव्याच्या मुळानं दाबायची, किंचित फिरवायची, पुन्हा दाबायची, पण घडी घालायची नाही. हवा राहिली तर चाकावर तिथे बोट अडखळतं आणि भिंत वाकडी होते. शिवाय गोळा कुठे ओला, कुठे कोरडा असून चालत नाही. वीस वर्षांच्या सवयीचा हात तो. डोकं म्हणे दाब, हात म्हणे दुमड! तासाभरात मनगटं भरून आली, आणि माझी ऐट त्या भोकांतून कधी निघून गेली कळलंसुद्धा नाही.

पण बाईंनी दुसरंही दाखवलं. सुरुवात चाकावर करायचीच नसते. मुठीएवढा गोळा घ्यायचा, अंगठ्यानं मधोमध खळगा करायचा आणि कडेकडेनं चिमटीत दाबत, फिरवत पातळ करत न्यायचं. अहो, ही तर मोदकाची पारी! तिथे मात्र आमचा हात बरोबर चालला. पोस्टमास्तरकाका माझ्याकडे बघून बघून करू लागले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

चाकाचंच एवढं कौतुक आपल्याला का, असंही बाई म्हणाल्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी परंपरेनं चाकावर पुरुष बसतो. माती चाळणं, मळणं, रंगवणं ही कामं बायका करतात. पण मणिपूरमधल्या थोंगजाओ गावात बायकाच मडकी घडवतात आणि चाक वापरतच नाहीत. मडकं जागेवर ठेवून स्वतः त्याच्याभोवती फिरतात. तिथल्या नीलमणी देवींना २००७ साली पद्मश्री मिळाली. हे ऐकल्यावर चाक जमलं नाही तर आपण कुचकामी, ही भीती जरा कमी झाली.

गोरोबाकाकांचं थापटणं

चाकावर बसले ती तिसऱ्या तासाला. चाक फिरत असताना मातीचा गोळा बरोबर मध्यावर आणायचा, ही पहिली पायरी. ती जमल्याखेरीज पुढे काही नाही. गोळा जरा जरी बाजूला असला तरी तो हाताला धक्के देत राहतो. मी जोर लावला, तसा गोळा सुटला आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या पदरात! कॉलेजातल्या पोरीनं मात्र दुसऱ्याच खेपेला सुबक फुलपात्र काढलं. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. डोळ्यांत पाणी आलं, आणि मातीचे हात असल्यामुळे ते पुसताही येईना.

घरात आपल्याला असं कुठे होतं? पोळ्या, मुलांचा अभ्यास, सणवार, पाहुणे, सगळं हातचं. बिघडलंच तर आठ माणसं जेवायची थांबतात, म्हणून ते बिघडू द्यायची सोयच नसते. लग्न झाल्यापासून मी असं एकही काम केलं नव्हतं, जे मला येत नाही हे सगळ्यांना दिसेल. येत नसेल ते करायचंच नाही, हा साधा उपाय! तुमचंही असंच आहे का, जरा आठवून पाहा.

त्या दिवशी घरी येताना तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आठवली. संतमंडळी त्यांच्या घरी जमलेली. मडकी वाजवून पाहायचं थापटणं बघून मुक्ताबाई म्हणाली, "काका, यांतली कोणती मडकी कच्ची ते सांगा पाहू." काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे गप्प बसले. नामदेवांना मात्र राग आला, आणि काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं! ही गोष्ट मी पाचवीच्या मुलांना हसत हसत सांगत आले आहे. नामदेव तेव्हा किती खट्टू झाले असतील, याचा विचार कधी केला नव्हता. पण पुढे काय झालं? त्या अपमानातूनच ते विसोबा खेचरांकडे गेले आणि शिष्य झाले. कच्चं आहे हे कळलं, म्हणून शिकणं सुरू झालं.

पुढच्या खेपेला बाई माझ्या मागे उभ्या राहिल्या. माझं डावं कोपर धरून त्यांनी माझ्या मांडीवर घट्ट टेकवलं आणि म्हणाल्या, "माती तुला हलवतेय. तू हलू नकोस." एवढंच. चौथ्या की पाचव्या प्रयत्नात एकदम हाताखालचे धक्के थांबले. गोळा फिरतोय, पण हाताला जणू स्थिर! तो क्षण अर्धा मिनिटसुद्धा टिकला नाही. पण तेवढ्यासाठी मी पुढचे सगळे शनिवार गेले, असं म्हटलं तरी चालेल.

आता काही जणी म्हणतील, हल्ली मोबाईलवर सगळं बघून शिकता येतं, फी कशाला भरायची? मीही आधी व्हिडिओ पुष्कळ पाहिले होते. बघताना सगळं येतंय असं वाटतं. पण माझं कोपर अधांतरी आहे, हे त्या मोबाईलला कुठून दिसणार? हाताचं काम हातानंच शिकवावं लागतं. आणि शेजारी पोस्टमास्तरकाकांचंही मडकं कोसळताना पाहिलं, की आपल्या कोसळण्याचं दुःख निम्मं होतं, हा फायदा वेगळाच.

बादलीतली माती

या मातीचा एक गुण मला फार आवडला. बिघडलेलं भांडं पूर्ण वाळू द्यायचं आणि पाण्याच्या बादलीत टाकायचं. थोड्याच वेळात ते विरघळून खाली बसतं आणि पुन्हा माती होते. गंमत म्हणजे, अर्धवट ओलं टाकलं तर नीट विरघळत नाही; खडखडीत वाळलेलंच चांगलं विरघळतं. भट्टीत गेल्यावर मात्र हे संपतं. ५०० ते ६०० अंश सेल्सियसच्या आसपास मातीत मुळातच बांधलेलं पाणी निघून जातं आणि मग ती कितीही भिजवली तरी पुन्हा माती होत नाही. साध्या तांबड्या मातीची भांडी साधारण ९०० ते १००० अंशांना भाजतात. तोवर सगळ्या चुका माफ! माझ्या पहिल्या तीन आठवड्यांच्या साऱ्या वस्तू त्याच बादलीत गेल्या. खारट झालेली आमटी अशी परत घेता आली असती तर!

"मी जाऊ का?"

चौथ्या शनिवारी ह्यांच्या मावशी दुपारी अचानक आल्या. मी पुऱ्या तळल्या, श्रीखंड मागवलं आणि वर्ग बुडवला. बोलता बोलता वर्गाचा विषय निघाला, तेव्हा मावशी हसून म्हणाल्या, "मातीत हात घालायला पैसे देतेस? तुला घरात काय कमी आहे गं?" त्या वाईट मनानं बोलल्या नव्हत्या. पण ते वाक्य रात्रभर माझ्या डोक्यात फिरत राहिलं. खरंच, काय कमी आहे? आठ शनिवारांचे चोवीसशे रुपये. तेवढ्यात मुलीची शिकवणीची एका महिन्याची फी झाली असती.

सोमवारी बाईंना फोन केला, "बाई, घरचं जमत नाहीये, मी पुढे येत नाही." बाईंनी समजूत घातली नाही की उपदेश केला नाही. म्हणाल्या, "बरं. तुमचा गोळा ओल्या गोणपाटाखाली ठेवलाय. शनिवारपर्यंत ओला राहील."

त्या आठवड्यात मी जरा विचार केला. हे वर्गाला नको कधीच म्हणाले नव्हते. सासूबाईही नाही. दर शनिवारी दोन वाजता मीच सगळ्यांच्या तोंडाकडे बघत विचारत होते, "मी जाऊ का?" विचारलं की समोरच्याला काहीतरी सांगावंसं वाटतंच; आज गॅसवाला येणार आहे, आज धाकट्याला सर्दी आहे. शाळेला जाताना मी असं विचारते का? तिथे पगार आहे, म्हणून ते जाणं खरं. इथे आवड आहे, म्हणून ते जाणं परवानगीचं. हा फरक घरानं केला नव्हता, मीच केला होता.

शुक्रवारी रात्री जेवताना सांगितलं, "पुढचे चार शनिवार तीन ते पाच मी घरी नाही. चहाचं आधण तुम्ही ठेवा. फी मी माझ्या पगारातून भरली आहे." क्षणभर सगळे गप्प. मग हे म्हणाले, "साखर कुठल्या डब्यात असते?" एवढ्यावर भागलं! सगळ्यांच्या घरी एवढ्यावर भागेल असं मी म्हणणार नाही. काही घरांत दोन तास मिळवायला दोन महिने लागतात, हे मला ठाऊक आहे. पण विचारायचं की सांगायचं, हे एकदा मनाशी ठरवून पाहा.

रेघेवरचं अक्षर

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगायला थोडी लाज वाटते. माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा आहे. अक्षर असं, की स्वतःलाही वाचता येऊ नये. लिहितो, खोडतो, पुन्हा खोडतो, शेवटी पान फाटतं. गेली दोन वर्षं त्याच्या वहीवर मी लाल शाईनं "अक्षर सुधारा" असं लिहीत आले. दोन वर्षांत ते सुधारलं नाही, आणि दोष मी त्याला देत आले.

कोपर टेकवायला लावलं, त्याच्या पुढच्या सोमवारी ती वही हातात आली आणि मी थबकले. बाईंनी मला एकदा तरी "नीट कर" असं म्हटलं होतं का? नीट कसं करायचं हेच जिला ठाऊक नाही, तिला "नीट कर" सांगून काय उपयोग? मधल्या सुट्टीत मी त्या मुलाशेजारी बाकावर बसले आणि त्याला लिहिताना पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच! तो पेन्सिल मुठीत आवळून धरत होता आणि वही पार तिरकी. पेन्सिल सैल धरायला दाखवली, वही सरळ केली आणि म्हटलं, "आज फक्त शिरोरेघ वहीच्या रेघेवर येऊ दे. बाकी कसंही आलं तरी चालेल. खोडायचं नाही." त्याचं अक्षर आजही मोत्यासारखं नाही. पण पान फाटत नाही, आणि वही पुढे करताना तो माझ्याकडे बघतो. लाल शाईचा तो शेरा मी लिहायचा सोडला.

शिक्षिका असाल, आई असाल, कुणाला काही शिकवत असाल, तर अधूनमधून आपण स्वतः काहीतरी कोरं शिकायला बसावं. शिकणाऱ्याच्या पोटात कसा गोळा येतो, ते आपण फार लवकर विसरतो.

सासूबाई आणि तडा

सहाव्या शनिवारी चाकावर एक बऱ्यापैकी वाडगा जमला. बाईंच्या परवानगीनं मी तो वाळवायला घरी आणला आणि लवकर वाळावा म्हणून गच्चीवर उन्हात ठेवला. संध्याकाळी पाहते तो काठापासून खाली हा लांब तडा! मी तोंड पाडून बसले होते. सासूबाई आल्या, चष्मा वर करून तडा पाहिला आणि म्हणाल्या, "काठ आधी वाळला, बूड ओलंच राहिलं. उन्हात का ठेवलास? सावलीत पालथा घालायचा, वर फडकं टाकायचं."

मी बघतच राहिले. त्यांच्या लहानपणी गावाकडे घरच्या चुली त्याच घालायच्या. बेंदराला मातीचे बैल करायच्या, आणि शिंगं कधी चिकटवायची, तर बैल आणि शिंग दोन्ही सारखी ओली असतानाच, नाहीतर वाळल्यावर शिंग गळतं. हुबेहूब हेच बाईंनी कपाचा कान बसवताना सांगितलं होतं! दोन्ही पृष्ठभाग खरवडायचे, मध्ये पिठल्याएवढी दाट माती लावायची आणि दाबायचं. चौदा वर्षं आम्ही एका घरात राहतो. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं, त्यांची औषधं, त्यांचं पथ्य, सगळं मला पाठ. पण त्यांच्या हातात हे होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारायला आधी स्वतःच्या वाडग्याला तडा जावा लागला.

जाण्याआधी एवढं पाहा

तुम्ही एखाद्या वर्गाला जायचं ठरवलंत, मग तो मातीचा असो की दुसऱ्या कशाचा, तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

१. फी भरण्याआधी एकदा वर्ग चालू असताना जाऊन बसा. शिकवणारी व्यक्ती स्वतःच हातात घेऊन वस्तू पुरी करून देत असेल, तर घरी सुंदर वस्तू येईल, पण हातात काही येणार नाही.

२. फीमध्ये काय काय धरलं आहे, ते स्पष्ट विचारा. माती, रंग, हत्यारं, भट्टीचा खर्च वेगळा असेल तर हिशेब बदलतो. बुडालेला तास भरून मिळतो का, तेही विचारा. आपले तास बुडतात, हे धरूनच चाला.

३. पहिल्याच दिवशी महागडं सामान घेऊ नका. मातीकामाला जुनी सुती साडी किंवा सलवार-कमीज, एक टॉवेल आणि कापलेली नखं पुरतात. अंगठ्या, बांगड्या घरी ठेवा.

४. मातीचे हात आणि हत्यारं मोरीत किंवा बेसिनमध्ये धुऊ नका, नळी तुंबते. बादलीत धुवा, माती खाली बसू द्या, वरचं पाणी झाडांना घाला. जमिनीवर वाळलेली माती झाडूनं झाडू नका. तिची बारीक धूळ छातीला वाईट. ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

५. भांडं भट्टीत जाण्याआधी आतपर्यंत वाळलेलं हवं. ओल राहिली तर तिची वाफ होते आणि भांडं फुटतं, शेजारच्यालाही घेऊन. गालाला लावून पाहा, गार लागलं तर आत अजून ओल आहे.

६. वाळताना आणि भाजताना मिळून वस्तू आटते. आमच्या मातीत १० सेंटिमीटरची वाटी ९ सेंटिमीटरची होते. तेव्हा कप हवा असेल तर आधी मोठाच करा, नाहीतर बोळकं होईल!

७. चकचकीत झिलईच्या भांड्यात खायचं असेल, तर झिलई खाण्याच्या भांड्यांसाठीची आणि शिसं नसलेली आहे ना, याची खात्री करून घ्या. दही, चिंच, कोकम, लोणचं असे आंबट पदार्थ शिशाच्या झिलईत ठेवले तर शिसं पोटात जातं. खात्री नसेल, तर त्यात फुलं ठेवा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, पहिल्या तीन आठवड्यांत स्वतःबद्दल काहीही मत बनवू नका. कॉलेजातल्या पोरीचे हात बघू नका. तिला लवकर येतं. आपल्याला उशिरा येतं, पण येतं.

मग आता विकणार का?

वर्ग संपल्यावर जो तो हेच विचारतो. "आता ऑर्डरी घे, दिवाळीत पणत्या वीक, चार पैसे मिळतील." ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावं, त्यात कमीपणा नाही. पण माझी डुलणारी वाटी कोण विकत घेणार? आणि खरं सांगू का, मला ती विकायचीही नाही. घरात मी जे जे करते, ते कुणाच्या तरी पोटात जातं, अंगावर चढतं किंवा वहीत उतरतं. एवढी एक वाटी अशी आहे, की ती कुणाच्याच उपयोगाची नाही आणि तरी ती फळीवर आहे. सकाळी चहाचं आधण ठेवताना तिच्याकडे नजर जाते. तिच्या काठावर माझ्या अंगठ्याची खूण तशीच राहिली आहे.

दुसरी तुकडी पुढच्या महिन्यात सुरू होते आहे. मी नाव घातलं आहे. ते सांगितल्यावर सासूबाईंनी भाजी निवडता निवडता नुसतं "बरं" म्हटलं. मग थोड्या वेळानं, मान वर न करता म्हणाल्या, "येताना थोडी माती जास्तीची आण. बेंदूर जवळ आलाय."